माठाची बिदागी

नातीनं डोकं खाल्लं म्हणून सांगतो, नाहीतर मला गोष्टींची हौस नाही. मधे कोणी बोललं तर उठून जाईन.

भांडी बोलायची तेव्हाची गोष्ट. एका ओसरीवर पाण्याचा माठ होता. त्याच्या पाझरावर खाली एक अळू जगत होतं. एकदा लग्नाला निघालेली सनई म्हणाली, "माठराव, चला ठेका धरायला. पण पाणी ओतून या, भरलेला माठ वाजत नाही."

अळू म्हणालं, "दादा, मग माझं काय?"

"अरे येड्या, तुझ्यासाठीच जातोय. बिदागीत शेणखत आणतो. नुसत्या पाझरावर किती वाढशील?"

लग्न झालं, बारसं झालं, जत्रा झाली. माठावर थाप पडली की लोक माना डोलवायचे. घरी आल्यावर कळशी भरायला यायची, तर हा म्हणायचा, "नको, उद्या वाजायचंय."

अळू विचारायचं, "दादा, थोडं पाणी?"

"कळ काढ. खत जमतंय."

लग्नसराई संपली. माठ तोंडोतोंड खत घेऊन आला, तर खाली नुसते वाळके देठ. त्यानं सगळं खत त्यांच्यावर ओतलं आणि घाईनं कळशीला हाक मारली.

कळशीनं आत वाकून पाहिलं. "शेणाच्या माठात प्यायचं पाणी मी ओतायची नाही," म्हणाली आणि गेली.

माठ तिथंच रिकामा बसून राहिला. अळवाची माफी त्यानं मागितली नाही ती नाहीच. बँडात गेलेल्या आमच्या धाकट्यानं, भिकाजीनं, माझीही अजून मागितलेली नाही.