शेंदराखालचा खुंटा

फार पूर्वी एका डोंगरगावात झऱ्याचं पाणी शिशाच्या नळांनी दारोदार यायचं. ते नळ ज्याने जोडले तो कारागीर मेला, आणि गाव त्याला साफ विसरलं.

एकदा चर खणताना मातीतून एक लाकडी वस्तू निघाली. वर जाड, खाली निमुळती, काळी कुळकुळीत. काय असावं ते कुणालाच सांगता येईना. सांगता येत नाही म्हणजे देवच, असं पाटलांनी ठरवलं. झालं! शेंदूर फासला, चौथरा बांधला, नारळांचा ढीग पडला. खालच्या आळीत त्या कारागिराची, बापाच्या हाताखाली काम शिकलेली म्हातारी लेक राहायची. तिला विचारायला मात्र कुणी गेलं नाही.

त्याच महिन्यात खालच्या आळीचा नळ फुटला. सहा दिवस बाया ओढ्याचं गढूळ पाणी भरत होत्या. म्हातारीची नात हगवणीने अंथरुणाला खिळली. नळ जोडायचा तर एकाचं तोंड फुलवून दुसरा त्यात बसवावा लागतो, आणि त्यासाठी हवा कठीण लाकडाचा खुंटा. नवा घडवून तेलात मुरवायला महिना जातो.

नारळ वाहून देवालाच साकडं घालावं म्हणून म्हातारी चौथऱ्याशी आली, आणि पाहताक्षणी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पाटील, हा माझ्या बापाचा खुंटा आहे. नळ जोडायचा! द्या इकडे."

"आजीबाई, तोंड सांभाळून बोला. देव आहे तो!"

"देवाच्या डोक्यावर हातोडीचे घाव कशाला असतील?" तिने नखाने शेंदूर खरवडला. वर ठोकून ठोकून पडलेले खळगे दिसले, टोकाला शिशाचा करडा माग. "बघा डोळे उघडून! आळीतली पोरं तहानलेली, आणि तुम्ही खुंट्याला दूध पाजताय!"

मागे माणसं कुजबुजली, "पाप लागेल." पाटलांनी ते खळगे बोटाने चाचपले. खुंटा चौथऱ्यावरून उचलून तिच्यापुढे धरला. म्हणाले, "न्या."

तिने खुंटा नळाच्या तोंडात धरून हातोडीने ठोकला. तोंड फुललं. दुसरा नळ बसवून सांध्याला वितळलेल्या शिशाचा डाग दिला. दुपारी आळीत पाणी खळाळलं.

गाव हार घेऊन धावलं, ते पुन्हा खुंट्यालाच घालायला! म्हातारीने हार भिरकावून दिला.

"हार कसले आणता? मी आहे तोवर विचारा, शिका. बसा पाटील, धरा हातोडी."

भरजरी फेट्यासकट पाटील चिखलात बसले. पहिलाच घाव अंगठ्यावर बसला.

"बसू द्या," म्हातारी म्हणाली. "आता खुंट्याची ओळख विसरणार नाही."

तात्पर्य: न कळलेल्या वस्तूला हात जोडण्याआधी, ती ज्यांनी वापरली त्या हातांना विचारावं, आणि ते हात चालते आहेत तोवरच विचारावं.