घुबडरावांचा संघ

जंगलातले प्राणी कवठाचा चेंडू करून फुटबॉल खेळायचे, त्या काळातली ही गोष्ट. ओढ्याकाठच्या संघाचे मॅनेजर होते घुबडराव. ते सराव रात्री घ्यायचे आणि खेळाडूही रात्रीच निवडायचे. सामने मात्र भर उन्हात व्हायचे.

त्यामुळे गोलकीपर कोण, तर वटवाघूळ. रात्री ते एक चेंडू सोडत नसे, पण सामन्यात गोलच्या आडव्या बांबूला उलटं लटकून झोपायचं. चपळ खार बाहेर बसलेली. "अहो, खारीला उतरवा," म्हणून म्हैस आणि वानरं घसा कोरडा करायची.

"ती आळशी आहे," घुबडराव म्हणायचे. "मी बघतो तेव्हा झोपलेलीच असते."

सामना सुरू झाला की ते डोळे मिटून घ्यायचे. सगळ्यांना वाटायचं, डावपेच आखतायत.

शेवटचा सामना संघ हरला आणि पैजेला लावलेलं मैदान समोरच्या टेकडीवाल्या संघाचं झालं. संतापलेल्या म्हशीने घुबडरावांची फांदी शिंगाने गदागदा हलवली. त्यांनी एक डोळा किलकिला केला. "सुरू झाला का सामना?"

म्हैस मटकन खालीच बसली. "ह्याला नेमलं कुणी?"

"आपणच," म्हातारं वानर म्हणालं. "एवढे मोठे डोळे बघून वाटलं, ह्याला सगळं दिसत असेल."

घुबडरावांना त्याच दिवशी काढलं. आता नवा मॅनेजर कोण, यावर सगळे विचारात पडले.

"मोराला घेऊ या," वानर म्हणालं. "त्याच्या पिसाऱ्यावर बघा किती डोळे आहेत."

सगळ्यांना ते पटलं.