गोधडीच्या मधल्या तुकड्याची कहाणी

ऐका येशूराया, तुझ्या गोधडीची कहाणी. बायांनो, पदर नीट घ्या, पोरांना मांडीवर घ्या, आणि पेंगू नका. थंडी आहे हे मलाही कळतं. थंडीचीच कहाणी आहे.

नदीच्या वळणावर आटपाट गाव होतं. गावात ख्रिस्ती मंडळी होती, मंडळीचं देऊळ होतं. देवळावर पत्रा होता, पत्र्यावर क्रूस होता, दारात दोरीची घंटा होती. घंटा वाजवायला बायनाबाई होती. बायनाबाई म्हातारी होती, डोळ्यांनी अधू होती. दोरी तेवढी तिला अचूक सापडे. हिवाळा आला की नदीवरून वारा सुटे, हरभऱ्यावर दंव पडे, म्हाताऱ्यांची हाडं बोलू लागत.

त्या मंडळीचा एक वसा होता. पहिला गारठा पडला, की घरोघरून एकेक कापड यावं. फाटकं नको, कोरं नको, अंगावर वापरून मऊ झालेलं असावं. धुऊन आणावं. देवळात सतरंजीवर बसावं, थरावर थर घालावा, आणि प्रत्येक हातानं धावदोऱ्याची एक ओळ घालावी. ओळ वाकडी आली तर वाकडी असो, कुणी उसवू नये. नाताळाच्या आधी ती गोधडी गावातल्या सगळ्यांत गारठलेल्या माणसाला द्यावी. त्याची जात विचारू नये, त्याचा देव विचारू नये. मात्र घेणाऱ्यानं एक करावं. आपले दिवस पालटले, की गोधडीचा मधला तुकडा काढून मंडळीला परत द्यावा. तोच नव्या गोधडीच्या मधोमध बसे. मग त्याच्याभोवती बाकीची कापडं जोडायची. असा वसा चालत आला होता.

त्या गावात इस्तेर नावाची बाई होती. एके काळी फार गरीब. नवरा वीटभट्टीवर जाई, भट्टी बंद पडली की घरात चूल बंद. अशा हिवाळ्यात तिला मुलगा झाला. मूल गारठ्यानं निळं पडलं. मंडळी आली, गोधडी घातली, मूल वाचलं. त्याचं नाव आमोस. आमोस मोठा झाला, कामाला लागला, त्यानं दुकान काढलं. घरावर स्लॅब पडला. चांगल्या घरची सून आली. इस्तेरची इस्तेरबाई झाली, बायकांच्या मंडळाची प्रमुख झाली.

मग काय झालं? दिवस पालटले, पण मधला तुकडा काही परत गेला नाही. गोधडी पेटीच्या तळाशी गेली, पेटीवर कुलूप आलं. इस्तेर मनाशी म्हणे, “तुकडा दिला तर चारचौघांत आठवण निघेल. सुनेला कळेल. व्याही काय म्हणतील?” बाकीच्यांनी आपापले तुकडे दिले होते. राहिली होती एकटी इस्तेर. मंडळीला ठाऊक होतं. मंडळी बोलली नाही. आपली मंडळी इतर वेळी किती बोलते ते तुम्ही जाणताच, पण या बाबतीत कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या साली हिवाळा कडक पडला. शहरातून मोठे पाळकसाहेब नाताळाला येणार असं कळलं. मग इस्तेरबाईला हुरूप आला. घरोघरची कापडं आली. सगुणाबाईनं नवऱ्याचा खाकी सदरा आणला, राहेलनं आपलं चौकड्याचं लुगडं आणलं, बायनाबाईनं कसलं तरी विटकं पातळ आणलं. इस्तेरबाईनं नाक मुरडलं. म्हणाली, “ही चिरगुटं पाळकसाहेबांना दाखवायची? न्या माघारी.” बायका कापडं घेऊन उठल्या. मग तिनं बाजारातून जांभळी मखमल आणली, पिवळी झालर आणली, आणि घरच्या मशिनीवर एकटीनं गोधडी शिवली. टाके सरळ आले. आत जुना थर एक नाही. अशी देखणी गोधडी गावानं कधी पाहिली नव्हती.

ती गोधडी घेऊन ती मिरवत निघाली. माळावर म्हातारा मेंढपाळ कुडकुडत बसला होता. त्याच्या अंगावर घातली. दुसऱ्या दिवशी तो माघारी घेऊन आला. म्हणाला, “बाई, देखणी लई हाय. पण ऊब लागंना. माझं घोंगडंच बरं.” इस्तेरबाई रागावली. मग उसाच्या फडाकडे गेली. पाचटाच्या कोपीत ऊसतोडणीवर आलेली बाळंतीण होती, तिला दिली. दुसऱ्या दिवशी तीही माघारी घेऊन आली. म्हणाली, “ताई, रागावू नका. लेकरू हिच्यात निजत न्हाई. हिचा गारवाच अंगाला लागतो.” इस्तेरबाई आणखी रागावली. म्हणाली, “लोकांना चांगल्याची किंमत नाही. राहू दे माझ्याच घरात.”

तो काय झालं? तिची सून बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. मुलगी झाली, मुठीएवढी. आजीला आनंद झाला, तो अर्धा दिवसही टिकला नाही. मुलीचं अंग गार पडू लागलं. दूध ओढीना, रडू फुटेना. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, “हिला ऊब राखा. ऊब राहिली तर मूल राहील.” मग शेगडी पेटवली, बाळ तापेना. ब्लँकेटं आणली, बाळ तापेना. शेवटी ती मखमलीची गोधडी घातली, बाळ आणखी गार झालं. आमोस दारात उभा राहून रडू लागला. म्हणाला, “आई, काहीतरी कर.”

इस्तेरबाई उठली, अनवाणी देवळात गेली. देवळात कुणी नव्हतं. पायरीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. आतून बायनाबाई चाचपडत आली.

“कोन रडतंय?”

“मी इस्तेर.”

“काय झालं, लेकी?”

इस्तेरनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, फक्त पेटीचं सांगितलं नाही. म्हणाली, “मावशी, मला वसा सांग.”

“वसा तुला ठाऊक हाय. पुन्हा सांगंन, पन तू घेशील, मिरवशील आन् इसरशील.”

“मिरवणार नाही. विसरणार नाही.”

“तर मग दारोदार जा. परत धाडलेली कापडं पदरात मागून घे. समद्यांच्या हातानं शिव. आन् मधला तुकडा आधी ठेव.”

“मधला तुकडा कुठून आणू?”

बायनाबाई मागं वळली. घंटेची दोरी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग इस्तेर निघाली. पहिल्या दारी गेली. सगुणाबाई म्हणाली, “आगं, दारात का उभी? आत ये की.” खाकी सदरा पुढं केला, वर चहा दिला. विचारलं, “मधला तुकडा कुठंय?” इस्तेर म्हणाली, “आणते.” दुसऱ्या दारी गेली. राहेलला तेवढं एकच जाड लुगडं होतं, थंडीचं वरून पांघरलेलं, ते तिनं उतरवून दिलं. विचारलं, “मधला तुकडा कुठंय?” इस्तेर म्हणाली, “आणते.” तिसऱ्या दारी गेली. तिथल्या म्हाताऱ्यानं मुंडासं सोडून दिलं, बोडक्या डोक्यानं वाऱ्यात उभा राहिला, आणि तेच विचारलं. इस्तेर म्हणाली, “आणते.” कुणी टोमणा मारला नाही. कुणी मखमलीचं नाव काढलं नाही. ज्यांना तिनं परत धाडलं होतं, त्यांनी घरातलं मऊ तेवढं काढून दिलं. पदर भरला, पण छातीवर धोंड बसली.

घरी आली. पेटीकडे पाहिलं नाही. मध्ये जागा मोकळी ठेवून भोवतीची कापडं शिवू लागली. दोरा निसटला. पुन्हा ओवला. गाठ सुटली. पुन्हा मारली. सुई मोडली, दुसरी घेतली, तीही मोडली. बोटांतून रक्त आलं, तरी शिवत राहिली. जेवढं शिवावं तेवढं मधे भगदाड. सून अंथरुणावरून क्षीण आवाजात म्हणाली, “आत्याबाई, मध्ये काही नाही, तर तुम्ही कशाला जोडताय?”

इस्तेरनं सुई खाली ठेवली. उठली. पेटी ओढली, कुलूप उघडलं, तळातून जुनी गोधडी काढली. धुरकट, ठिगळांची. मधोमध तांबड्या आलवणाचा चौकोन. सून म्हणाली, “ही कुणाची?”

इस्तेर म्हणाली, “माझी. आमच्या घरात खायला नव्हतं, तेव्हा मंडळीनं घातलेली. तुझा नवरा ह्यात गुंडाळून जगला. मी तुझ्यापासून लपवली. मला लाज वाटली.”

सुनेनं हात लांब केला, गोधडीला गाल लावला. म्हणाली, “आत्याबाई, ह्याची कसली लाज? ह्याच्यामुळं मला घर मिळालं.”

मग इस्तेरनं जुनी गोधडी खांद्यावर घेतली, बाळ पोटाशी धरलं, आमोसला पुढं घातलं, आणि भर दुपारी गावातून चालत देवळात गेली. सगळ्यांनी पाहिलं. ती मोठ्यानं म्हणाली, “ही तुमचीच. माझे दिवस कधीच पालटले होते. मी दिली नाही.” बायनाबाईनं घंटा वाजवली. घंटा ऐकून मंडळी धावली. जेवणावरचे जेवणावरून उठले. गावातले पाळकबुवा उपदेश लिहीत होते, तेही कागद टाकून आले, आणि बरंच झालं.

मधला तांबडा तुकडा काढला. सतरंजीवर ठेवला. तोच बायनाबाई वाकली, तिनं तुकड्यावरून बोटं फिरवली. कोपऱ्यात एक गाठ होती, मुगाएवढी. तिथं बोटं थांबली.

“हा माझा,” म्हणाली.

इस्तेर म्हणाली, “तुझा कसा, मावशी?”

“तुझ्याही आधी गोधडी मला मिळालेली. माझ्या लेकीला. ती ह्याच्याखाली गेली. पन उबेत गेली बघ, गारठून न्हाई गेली. हातपाय कोमट व्हते. मग मी तुकडा सोडवला आन् मंडळीला दिला. तुझ्या आमोसवर घातली त्या गोधडीत तो गेला.”

इस्तेर म्हणाली, “पण मावशी, तुझे दिवस कुठं पालटले होते?”

“न्हाई पालटले. पन दुसऱ्याचं लेकरू तर गारठलं व्हतं ना?”

इस्तेरनं बायनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. बायनाबाईनं तिला उठवलं, म्हणाली, “रडत काय बसलीस? दोरा ओव. मला दिसत न्हाई.”

मग तांबडा तुकडा मधे बसला. भोवती खाकी सदरा बसला, चौकडा बसला, मुंडाशाचं कापड बसलं, बायनाबाईचं विटकं पातळ बसलं. सगळे गोल बसले. बायकांनी ओळी घातल्या, बाप्यांनी घातल्या, पोरांनी घातल्या. पाळकबुवांनी घातली ती सगळ्यांत वाकडी आली, कुणी उसवली नाही. माळावरचा मेंढपाळ घंटा ऐकून आला होता, त्यानं एक घातली. फडावरची बाळंतीण आली होती, तिनं एक घातली. आमोसनं डोळे पुसत पुसत घातली. शेवटची ओळ बायनाबाईची. इस्तेरनं तिचा हात धरला नाही, ओळ जशी गेली तशी जाऊ दिली.

गोधडी बाळावर घातली. मग बाळाच्या ओठांना रंग आला. मग मूठ उघडली. मग असं रडलं, असं रडलं, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सुनेला घरात ऐकू गेलं. तिला कुणी सांगावं लागलं नाही.

नाताळाला मोठे पाळकसाहेब आले. त्यांनी विचारलं, “यंदाची गोधडी कुणी केली?” पोरं एकदम ओरडली, “आम्ही!” त्यांनी विचारलं, “कुणाला दिली?” इस्तेर उभी राहिली. सगळ्यांसमोर म्हणाली, “मला दिली, साहेब. दुसऱ्यांदा.” आणि खाली बसली. तिला लाज वाटली नाही.

मखमलीचं काय झालं म्हणाल? तिचं पाळकबुवांच्या मेजावर आच्छादन झालं. शोभून दिसतं. मेजाला थंडी वाजत नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहिला गारठा पडला. बायनाबाई घंटेची दोरी चाचपत होती, तो पायरीवर कुणीतरी आधीच येऊन बसलेलं. “कोन हाय?” “मी इस्तेर. तुकडा आणलाय.” मांडीवर नात होती, गुटगुटीत. बायनाबाईनं तिच्या गालांवरून बोटं फिरवली. गाल ऊन ऊन होते. म्हणाली, “हिचं नाव काय ठेवलंत? मला कुनी सांगितलंच न्हाई.”

इस्तेर म्हणाली, “बायना.”

म्हातारीच्या हातून दोरी सुटली. त्या दिवशी घंटा उशिरा झाली, कुणी विचारलं नाही.

तर जशी त्या बायनेला ऊब मिळाली, तशी तुम्हांला मिळो, तुमच्या लेकराबाळांना मिळो, दाराशी येणाऱ्या परक्यालाही मिळो. घेतलेलं विसरू नका, दिलेलं मोजू नका, मधला तुकडा पेटीत ठेवू नका. ही कहाणी साठ टाक्यांची, पाच टाक्यांत शिवली. सुफळ झाली, पुरी झाली. म्हणा बायांनो, आमेन. आणि आता सुया काढा.