सगुणाचा लांबलेला नमस्कार

वेळणगड संस्थानात पायांच्या वैद्यांनाही परवाना लागे. नुकतं शिकून बाहेर पडलेल्यांना आधी कच्चा परवाना मिळे, आणि राजवैद्यांनी हो म्हटल्याशिवाय रुग्णाच्या पायाला हात लावायचा नाही, अशी त्याची अट असे.

सगुणाला असा परवाना मिळाला, आणि त्याच आठवड्यात राजाच्या आईच्या, म्हणजे आईसाहेबांच्या, टाचेत काटा मोडला. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री लेपावर लेप थापत होते, पण टाच सुजतच चालली. त्यांना काटा दिसत नव्हता, आणि तसं कबूल करायचंही नव्हतं. मागे उभ्या असलेल्या सगुणाला मात्र त्याचं काळं टोक स्पष्ट दिसत होतं.

“गुरुजी, मी काढू?”

“परवाना कच्चा आणि उडी थेट राजवाड्यात! टाचेवर उपचार केलास, तर परवाना फाडून टाकीन.”

“बरं, मग निघते,” असं म्हणून सगुणा आईसाहेबांच्या पाया पडायला वाकली. नमस्कार जरा लांबलाच. आईसाहेब “आई गं!” म्हणून कळवळल्या आणि लगेच त्यांनी हुश्श केलं. सगुणा उठली, तेव्हा तिच्या चिमट्यात काटा होता.

शास्त्रीबुवा कडाडले, “कुणाला विचारून उपचार केलास?”

“उपचार कुठला, गुरुजी? वडीलधाऱ्यांच्या पाया पडल्याशिवाय निघायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. वाकले तर काटा समोर. त्याला तिथेच ठेवून येणं बरं दिसलं नसतं.”

आईसाहेबांना हसू आवरेना. सगुणा मग शास्त्रीबुवांच्याही पाया पडायला वाकली. त्यांनी झटकन पाय मागे घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच पुढे केला.

“अंगठ्याशी कुरूप झालंय,” ते पुटपुटले. “नमस्कार जरा सावकाश कर.”