निळ्या बरणीचा खंड्या

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून माझे कान किटवलेत. माझी शाळा दोन इयत्तांची, मला काय येतंय सांगायला? पण ऐकल्याशिवाय तुम्ही उठायचे नाहीत. तर ऐका, आणि मधी बोलू नका.

फार मागं, राजे होते पण रस्ते नव्हते तेव्हा, एका गावात एक पाटील होता. माणूस वाईट नव्हता, पण भारी संशयी. दूध पातळ दिसलं की गवळ्यावर संशय, दाट दिसलं की त्याहून जास्त. कुत्रं भुंकलं तर चोर आला, नाही भुंकलं तर कुत्रं चोराला सामील.

त्याच्या घरात चिनी मातीची निळी बरणी होती, राजानं दिलेली. पाटलीण तिच्यात लोणचं घालायची. एक दिवस बरणी जाग्यावर नाही. पाटलानं घरात कुणाला विचारलं नाही. घरगडी वीस वर्षं पाणी भरत होता, त्याच्यावरच डोळा गेला.

"घरात बाहेरचा तू एकटा," पाटील म्हणाला. एवढाच पुरावा. मग गल्लोगल्ली हलगी वाजवून दवंडी दिली, "पाटलाचा गडी चोर आहे हो!" गडी मान खाली घालून शिवेपलीकडं निघून गेला.

गड्याची बहीण गावातच, वाटेवरच्या घरात राहायची. एकटी बाई, चार घरची भांडी घासून पोट भरायची. त्या साली तिच्या दर्शनी भिंतीचे पोपडे पडले. चुना आणायची ऐपत नव्हती. बाईनं शेणमातीचा ओला गिलावा दिला आणि लोकांनी टाकलेलं एकेक त्यात दाबत गेली. करवंटीच्या तुकड्यांची फांदी झाली, फुटक्या बांगड्यांचं पाणी झालं, चिंचोक्यांचा काठ झाला. फांदीवर एक खंड्या बसला. त्याचे पंख निळे.

जाणारायेणारा थांबून बघायचा. पाटीलही थांबला. तो निळा रंग त्यानं लगेच ओळखला. भावानं चोरली आणि बहिणीनं लपवली! मग मनात आलं, लपवायची तर वाटेवरच्या भिंतीला कोण लावेल? पण संशयी माणसाला त्याचंही उत्तर सापडतं. "हीच तर हिची लबाडी," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी पाच पंच आणि पहार घेतलेला एक माणूस घेऊन तो दारात हजर.

"आधी ही भिंत पाडा, मग हिला गावाबाहेर काढा!"

बाई उंबऱ्यावरून हलली नाही. "पाडा की पाटील. पण बरणी चोरीला गेली म्हणता, तर चोरानं ती फोडली कशाला? विकली नसती?"

"हातातनं पडली असेल त्याच्या."

"पडली खरी. कुणाच्या हातातनं, ते तुमच्या उकिरड्याला विचारा. भांडी घासायला राख लागते, ती मी रोज सकाळी तिथनंच आणते. तुकडे तिथंच मिळाले. तेवढे उचलले, झाकण उचललं नाही. राखेखाली तसंच ठेवलंय, वर करवंटी पालथी घालून."

एक पंच म्हणाला, "मग तेव्हाच का नाही बोललीस, बये?"

"चोराची बहीण म्हणून कुणी ऐकलं असतं? म्हटलं, पाटलांनीच पंच घेऊन माझ्या दारी यावं. निळं दिसलं की येणार, हे ठाऊक होतं मला."

सगळे पाटलाच्या घरामागच्या उकिरड्याकडं गेले. राख उकरली. करवंटी निघाली, खाली निळं झाकण, आतल्या बाजूला लोणच्याचा मसाला वाळून चिकटलेला.

"हिनंच आणून पुरलं असेल!" पाटील ओरडला.

तेवढ्यात मागच्या दारातून पाटलीण पुढं आली. "तिनं नाही, मी. हात ओला होता, निसटली. तुमच्या तोंडाच्या भीतीनं राखेच्या टोपलीत घालून टाकली."

"आणि गड्याला हाकललं तेव्हा?" एका पंचानं विचारलं.

"तेव्हा तर जास्तच भ्याले."

पाटलानं झाकण हातात घेतलं. वीस वर्षं पाणी भरणाऱ्या माणसावर त्याचा डोळा गेला, आणि स्वतःच्या घराला विचारायला तोंड उघडलं नव्हतं.

गड्याला निरोप गेला. तो आला, पण शिवेवरच थांबला. पाटील एकटाच गेला आणि हळूच म्हणाला, "झालं गेलं विसर गड्या, घरी चल."

"पाटील, चोर म्हणताना हलगी होती."

"मग?"

"आज ती कुठं आहे?"

पाटील माघारी गावात गेला आणि हलगी स्वतःच्या गळ्यात अडकवली. वाजवता येत नव्हती, नुसती बडवत होता. पोरं मागनं हसत होती. "गडी चोर नाही हो! पाटील चुकला हो!" तिसऱ्या गल्लीत आवाज बसला, तरी शेवटच्या घरापर्यंत गेला.

तेव्हा गडी शीव ओलांडून आत आला. पण पाटलाकडं कामाला पुन्हा गेला नाही, बहिणीकडं राहिला. खंड्या भिंतीवर तसाच राहिला, फक्त त्याच्या डोक्यावर आता झाकणाचा निळा तुरा होता. पाटील रोज त्याच्यासमोरनं जायचा, आणि दूध पातळ दिसलं तर आधी घरात विचारायचा.

म्हणून सांगतो, आळ जेवढ्या मोठ्यानं घेतला, माफीही तेवढ्याच मोठ्यानं मागावी.

पोरांनो, उठा आता. मागं बसलेला गेनबा तांबट, तू नको उठू. घमेलं मी नेलं म्हणून भर चावडीत बोंबललास, आणि घमेलं निघालं तुझ्याच माळ्यावर. चावडी अजून तिथंच आहे, गेनबा.