चंद्रिकाचा पहिला नंबर

जितकं चालाल तितके हिरे, असा एक मोबाइलवरचा खेळ गावात आला. खेळणारा कुठे जातो, ते सगळं कंपनीला दिसायचं. आमच्या मुलींच्या येण्याजाण्यावर नजर कशाला, असं सरपंच कमळजाबाईंनी विचारलं, तेव्हा कंपनीचे दफ्तरीसाहेब हसले. "बाई, आम्ही खेळाडूला त्याच्या आईपेक्षा जास्त ओळखतो!"

महिन्याने बक्षीस समारंभात साहेबांनी मोठ्या कौतुकाने पुकारलं, "पहिला नंबर, कुमारी चंद्रिका!"

कमळजाबाई आपली शेळी घेऊन मंचावर चढल्या. शेळीच्या गळ्यात घंटेशेजारी मोबाइल लटकत होता.

"ही फसवणूक आहे!" साहेब ओरडले.

"असं कसं? परवाच तुम्ही हिला लग्नाची स्थळं पाठवलीत. ही कुठे चरते, कुठे बसते, सगळं तुम्हाला ठाऊक. आता आईपेक्षा जास्त ओळखताच, तर संध्याकाळी धार काढायलाही तुम्हीच या."