लॅमिनेट केलेला फॉर्म

गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आरती संपली, आणि तिथंच हे सुरू झालं.

"आक्का, कागदावर नाव माझं. मग घर माझं न्हाई, हे कसं?"

विचारणारा हिंदुराव खोत. मठातल्या आक्कांचा पंधरा वर्षांचा शिष्य. पंधरा वर्षं, हे तो दर गुरुवारी स्वतःच सगळ्यांना सांगतो.

त्याचे वडील, नाना, चार महिन्यांमागं गेले. सोसायटीतल्या दोन खोल्या नानांच्या. फॉर्मवर नॉमिनी म्हणून हिंदुरावचं नाव. तो फॉर्म त्यानं लॅमिनेट करून आणला आणि नानांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी टांगला. आज तो काखेत घेऊनच आला होता.

त्या खोल्यांत त्याची बहीण वैजू राहते. नवऱ्यानं सोडलेली. पदरात सात महिन्यांची पोर, दात येताहेत म्हणून सारखी किरकिरणारी.

"हक्क सोडल्याची सही कर म्हटलं, करत न्हाई. खोल्या सोड म्हटलं, तर पोरीला घेऊन कुठं जाऊ म्हणती. मृत्यूचा दाखला झाला, प्रतिज्ञापत्र झालं, सेक्रेटरी रोज नवा कागद मागतोय, आणि वर ही! डोकं उठलंय माझं."

"कितव्यांदा सांगतोयस?"

"आं?"

"हे. कितव्यांदा?"

"... तुम्ही उत्तर देत न्हाई, म्हणून सांगतोय."

आक्कांनी कपाळावर हात मारला. मग चुलीवरनं उतरवलेलं शिऱ्याचं पातेलं फडक्यानं उचललं आणि त्याच्या पुढ्यात नेलं.

"हिंदुराव, धर."

नाव घेऊन, सगळ्यांदेखत.

त्यानं फडक्यासकट दोन्ही हातांनी धरलं. काखेतला फॉर्म सटकून खाली पडला.

आक्का ओट्यावर जाऊन बसल्या. प्रसादाला रांग लागली.

"आक्का, किती वेळ धरू?"

"का? तुझ्याच हातात आहे की. नाव घेऊन दिलंय. बस आणि खा."

"एवढा? मी एकटा?"

"मग कुणाचा आहे?"

"सगळ्यांचा. वाटायला दिलाय तुम्ही माझ्याकडं."



 रांगेतली एक बाई फिसकन हसली, आणि पदर तोंडावर घेतला.

रांगेच्या पार टोकाला पोर रडली. वैजू उभी होती. कडेवर पोर, हातात तिची छोटी वाटी.

"दादा, खाली ठेव ते. फडकं पातळ आहे, हात भाजतील."

हिंदुरावनं मान खाली घातली. पायाशी फॉर्म पडला होता. वर शिऱ्याचं तूप सांडलं होतं. प्लास्टिकखाली त्याचं नाव स्वच्छ दिसत होतं.



"आक्का, मग माझं काय?"

आक्का उठल्या. एक मोठा डाव आणून पातेल्यात खोवला आणि रांगेकडं वळल्या.

"वाढणाऱ्याचं पान शेवटी. बायांनो, एवढं मागपर्यंत सांगत जा. त्या वाटीवालीपर्यंत पोचू दे."